कोरडी

ग्लासगोहून आलेला माणूस म्हणाला,
छान आहे, पण जरा गोड करता आली तर.
एफ्रिकने त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला,
विसळला, पालथा घातला.
बोट सुटायला अजून दोन तास होते.

जाळी ठेवायच्या जुन्या शेडमध्ये
तांब्याचं भांडं उभं आहे, बगळ्यासारखी मान वाकवून.
भिंतींना अजून डांबराचा आणि हेरिंगचा वास.
तो जिनमध्ये उतरत नाही, असं ती शपथेवर सांगते.
मला शंका आहे.

भांड्यात आधी जुनिपर, मग धणे,
तेच ते, स्वयंपाकघरातले,
इथे त्यांच्या नशिबी फोडणी नाही, वाफ आहे.
अँजेलिकाचं मूळ, खणलेल्या जमिनीसारखं.
ऑरिसची पूड, जिला स्वतःचं काही म्हणायचं नसतं,
नुसती बाकीच्यांचे हात धरून बसते.
लिंबाची साल.
किनाऱ्यावरचं वाळलेलं शेवाळ, एकच चिमूट;
दुसरी टाकली की ग्लासात भरती येते.

जुनिपरला घाई नाही.
एकाच फांदीवर यंदाचं हिरवं
आणि तिसऱ्या वर्षाचं निळं-काळं, खांद्याला खांदा लावून.
मध्ये सगळे काटे.
म्हणून ती खाली चाळण धरते, वरून काठीने टकटक करते.
पिकलेलं पडतं.
कच्चं दार उघडत नाही.

आपल्याकडे पहिल्या धारेचं केवढं कौतुक!
इथे पहिली धार ओतून देतात. तिला म्हणतात डोकं.
शेवटची शेपूट, चवीला भिजलेला पुठ्ठा.
मधलं ते काळीज.
ते कुठे सुरू होतं हे काटा दाखवतो.
कुठे संपतं, ते नाकाला कळावं लागतं,
आणि कळायच्या जरा आधीच थांबावं लागतं.

जिभेवर आधी थंडी येते.
मग राळ, चिरलेल्या ओंडक्याची.
मग धण्यांची ऊब, कुठूनसं लिंबू, कडेला मीठ,
आणि मग
काहीच नाही. घासून ठेवलेलं टेबल.
त्या माणसाला इथेच गोड हवं होतं.

एफ्रिकला आठवली वडिलांची आत्या, बेथाग.
घरामागच्या घळीत चोरून भट्टी लागायची
आणि खाली जळायचं जुनिपरचं वाळकं लाकूड,
कारण त्याला आग असते, धूर नसतो.
एकदा अबकारीचा माणूस आलाच.
बेथागने त्याला चहा दिला, ओटची भाकरी दिली,
आणि स्वतः पिंपावर घागरा पसरून
तीन तास मोजा विणत बसली.
हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मेंढ्यांच्या झाल्या.
तो गेला तेव्हा मोजा गुडघ्यापर्यंत आला होता.
त्याच आठवड्यात तिचा धाकटा कॅनडाला गेला होता,
कायमचा.
त्या मोज्याचं माप कुणाच्या पायाचं, हे कुणी विचारलं नाही.

फक्त नव्या वर्षाच्या पहाटे
रिवाजाप्रमाणे दारं-खिडक्या बंद करून
घरात, गोठ्यात जुनिपर जाळायचे.
हिरवं, ओलं. वर्षाची इडापिडा जावी म्हणून.
ओल्या फांदीचा धूर कुणाला सोडत नाही.
माणसं खोकायची, गाई हंबरायच्या,
सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी.
बेथाग शेवटपर्यंत आत थांबायची.
दार उघडायला
दरवर्षी थोडा जास्तच वेळ लावायची.

यातलं काहीही एफ्रिकने त्याला सांगितलं नाही.
बाटलीचं बूच लावलं, हात पुसले.
म्हणाली, गोड करणारे पलीकडच्या बेटावर आहेत.
तिकडची बोट गुरुवारी.